हेडफोनवर गाणं मिक्स करायला कोणता डॅक घ्यावा? विकत घेण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

फोनवर किंवा लॅपटॉपवर गाणी बनवणाऱ्यांची संख्या आता खूप वाढली आहे. बँडलॅब, एफएल स्टुडिओ मोबाइल, रीपर अशा सॉफ्टवेअरवर ट्रॅक तयार होतो आणि मिक्सिंग हेडफोनवरच होतं, कारण घरात मोठे स्पीकर लावायला जागाही नसते आणि शेजारीही असतात. मग कुणीतरी सांगतं, "अरे, मिक्स नीट ऐकायचं तर वेगळा डॅक घे." ऑनलाइन शोधलं तर हजारापासून लाखापर्यंतचे डॅक दिसतात, आणि डोकं चक्रावतं.

माझंही असंच झालं होतं. एका मित्राचं गणपतीचं गाणं मी लॅपटॉप आणि हेडफोनवर मिक्स केलं. माझ्या कानाला ढोलकीचा घुमारा जास्त वाटत होता, म्हणून मी तो बऱ्यापैकी कापला. मंडळाच्या स्पीकरवर गाणं वाजलं तेव्हा ढोलकी अगदी पत्र्याच्या डब्यासारखी! मी सगळं खापर लॅपटॉपच्या जॅकवर फोडलं आणि साठवलेल्या पैशांतून १४ हजारांचा डॅक घेतला. तो किती उपयोगी पडला ते पुढे सांगतो. तुमचे पैसे तसे जाऊ नयेत म्हणूनच हा लेख.

डॅक म्हणजे नक्की काय?

फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. हेडफोनला आकडे कळत नाहीत, त्याला वर-खाली होणारा विजेचा दाब लागतो. आकड्यांतून हा दाब तयार करणारी चिप म्हणजे डिजिटल टू अॅनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक.

म्हणजे तुमच्याकडे डॅक आत्ताही आहेच. लॅपटॉपच्या जॅकमागे एक आहे. ब्लूटूथ इअरबड्सच्या आत एक आहे. टाइप-सीला लावायच्या छोट्या डाँगलमध्येही असतो. प्रश्न "डॅक घ्यावा का" असा नाहीच. आहे तो डॅक कुठे कमी पडतोय, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. बाजारात "डॅक" म्हणून मिळणाऱ्या डब्यात बहुतेक वेळा दोन वस्तू असतात: डॅक आणि हेडफोन अॅम्प्लिफायर. पहिला आकड्यांचा सिग्नल बनवतो, दुसरा त्या सिग्नलला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो. लोकांना जो फरक जाणवतो, तो पुष्कळदा अॅम्प्लिफायरचा असतो आणि श्रेय डॅकला मिळतं.

१६ बिट, २४ बिट, ३२ बिट: किती पुरे?

प्रत्येक बिटमागे साधारण ६ डेसिबलची रेंज मिळते. म्हणून १६ बिटला सुमारे ९६ डेसिबल आणि २४ बिटला सुमारे १४४ डेसिबल. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात अॅनालॉग सर्किटचा स्वतःचा खरखराट असतो, त्यामुळे उत्तम डॅकसुद्धा १२० ते १३० डेसिबलच्या आसपास थांबतात. खोक्यावर ३२ बिट लिहिलं म्हणून कानाला ३२ बिट ऐकू येत नाहीत.

आता तुमची खोली बघा. पंखा चालू, खाली रिक्षा, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. अशा ठिकाणी १०० डेसिबलच्या आसपास स्वच्छ असलेला डॅक मिक्सिंगला पुरून उरतो.

सॅम्पल रेटचंही तसंच. ४४.१ किलोहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे. त्यातून २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज नीट बनतो आणि तरुण कानाची मर्यादा २० किलोहर्ट्‌झच्या आसपास असते. रील किंवा व्हिडिओसाठी काम असेल तर प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवा. ३८४ आणि ७६८ हे आकडे मिक्सिंगसाठी विसरून जा.

मात्र एक फरक सांगतो. रेकॉर्डिंग करताना २४ बिट जरूर वापरा, कारण तिथे लेव्हल कमी ठेवूनही खरखराट वर येत नाही. पण तो आवाज आत घेण्याचा भाग झाला. ऐकण्याच्या डॅकशी त्याची गल्लत करू नका.

खरा प्रश्न: तुमच्या हेडफोनला किती व्होल्ट लागतात?

इथे जरा थांबू, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच.

हेडफोनच्या माहितीत दोन आकडे शोधा. एक इम्पीडन्स, जो ओहममध्ये असतो. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॉट दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो. मिक्सिंग करताना सरासरी आवाज ८० डेसिबलच्या आसपास असतो, पण ढोल-ताशाचे ठोके त्याच्यावर २० डेसिबल सहज उडी मारतात. थोडी मोकळीक धरून ११० डेसिबलचा ठोका न फाटता यायला हवा, असं मी मानतो.

हिशेब असा. सेन्सिटिव्हिटी ११० पेक्षा जितकी कमी, तितके डेसिबल वर चढायचे आहेत. १० डेसिबल चढायला १० पट पॉवर लागते, ३ डेसिबलला दुप्पट. पॉवर वॉटमध्ये घ्या, तिला ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. उत्तर व्होल्टमध्ये येतं. कंपन्यांनी दिलेल्या आकड्यांवरून मी चार ओळखीचे हेडफोन मोजून ठेवले आहेत:

• सोनी एमडीआर-७५०६: ६३ ओहम, १०६ डेसिबल. सुमारे ०.४ व्होल्ट पुरे.
• ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स: ३८ ओहम, ९९ डेसिबल. सुमारे ०.७ व्होल्ट.
• बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा: ९६ डेसिबल. सुमारे १.४ व्होल्ट.
• तोच डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा: ९६ डेसिबल. सुमारे २.५ व्होल्ट.

शेवटच्या दोघांकडे बघा. दोघांना पॉवर सारखीच लागते, २५ मिलिवॉट. पण २५० ओहमवाल्याला ती मिळायला व्होल्ट जास्त हवेत. साध्या डाँगलमधून साधारण १ व्होल्ट किंवा त्याहून कमी निघतो. म्हणजे पहिले दोन हेडफोन डाँगलवर आरामात चालतील, तिसरा ओढाताण करेल आणि चौथ्याला वेगळा अॅम्प्लिफायर लागेलच.

एक सापळाही सांगतो. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला देतात, काही १ व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये या दोन आकड्यांत तब्बल १५ डेसिबलचा फरक पडतो. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय दोन हेडफोनची तुलना करू नका.

आउटपुट इम्पीडन्स: लहान आकडा, मोठा परिणाम

अॅम्प्लिफायरचाही स्वतःचा अडथळा असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. नियम सोपा आहे: हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शापेक्षा तो कमी हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपेक्षा कमी.

कारण काय? हेडफोनवर लिहिलेले ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. सेनहायझर एचडी ६०० वर ३०० ओहम लिहिलेलं असतं, पण खालच्या बासच्या भागात त्याचा इम्पीडन्स ५०० च्या आसपास चढतो. जुन्या होम अॅम्प्लिफायरच्या जॅकमध्ये कधीकधी १२० ओहमचा अडथळा असतो. अशा जॅकला हा हेडफोन लावला तर बास जवळजवळ १ डेसिबलने फुगतो. तुम्हाला वाटतं बास जास्त आहे, म्हणून तुम्ही तो कापता. ऐकणाऱ्याच्या वाट्याला मात्र बास कमी येतो. एकाहून जास्त ड्रायव्हर असलेल्या इन-इअरमध्ये हा खेळ आणखी बिघडतो.

म्हणून खरेदीच्या पानावर आउटपुट इम्पीडन्सचा आकडा शोधा. १ ते २ ओहम असेल तर निश्चिंत राहा. आकडा कुठेच दिलेला नसेल तर दुसरी वस्तू बघितलेली बरी.

माझे १४ हजार कुठे गेले?

आता अर्धवट राहिलेली गोष्ट. नवा डॅक लावला आणि काय सांगू, फरक लगेच कळला! बास आटोक्यात, गायकाचा आवाज मोकळा. मी चार जणांना फोन करून सांगितलं. पुढचे दोन ट्रॅकही चांगले झाले.

काही महिन्यांनी लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये दुसरंच काहीतरी शोधत होतो, तेव्हा दिसलं की जुन्या हेडफोन जॅकसाठी "ऑडिओ एन्हान्समेंट" चालू आहे. म्हणजे लॅपटॉप स्वतःहून बास वाढवत होता आणि आवाजाला पॉलिश मारत होता. हे सेटिंग प्रत्येक आउटपुटला वेगळं असतं. नवा डॅक लावल्यावर ते आपोआप वाटेतून बाजूला झालं आणि मला वाटलं, वा, काय डॅक आहे!

मी ते बंद केलं आणि दोन्हींची नीट परीक्षा घेतली. दोन्हींचा आवाज सारखा केला. मित्राने माझ्या पाठीमागे बसून, नाणं उडवून, कधी हा तर कधी तो असा हेडफोन जोडला. १६ वेळा मी ओळखायचा प्रयत्न केला आणि ९ वेळा बरोबर आलो. म्हणजे अंदाजपंचे. १६ पैकी निदान १२ बरोबर आले असते, तर खरंच काहीतरी ऐकू येतंय असं म्हणता आलं असतं.

एक टिक काढली असती तर १४ हजार वाचले असते आणि मित्राची ढोलकीही. तो डॅक वाईट नाही. माझ्या त्या वेळच्या हेडफोनला त्याची गरज नव्हती, एवढंच.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी ही तपासणी करा:

• फोनमधलं डॉल्बी, इक्वलायझर, "साउंड इफेक्ट" असं सगळं बंद करा.
• लॅपटॉपमध्ये हेडफोन आउटपुटच्या सेटिंगमध्ये जाऊन एन्हान्समेंट आणि स्पेशल साउंड बंद करा.
• म्युझिक अॅपमधला इक्वलायझर आणि आवाज सारखा करणारं सेटिंगही बघा. संदर्भाचं गाणं त्यातूनच ऐकत असाल तर तुलना फसते.

घरच्या घरी परीक्षा कशी घ्यायची?

दोन वस्तूंत जी किंचित मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते. अर्धा डेसिबल फरक असला तरी आपण "जास्त डिटेल आहे" म्हणतो. म्हणून आवाज जुळवल्याशिवाय केलेली तुलना फुकट आहे.

१. १०० हर्ट्‌झचा एकसुरी टोन कमी लेव्हलवर वाजवा. स्वस्त मल्टिमीटर वरच्या सुरांना चुकतो, या सुराला बरा चालतो.
२. हेडफोन कानावरून काढून ठेवा, पण जोडलेलाच असू द्या. स्प्लिटर लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आकडा घ्या.
३. दुसऱ्या डॅकवर तेवढाच आकडा येईपर्यंत आवाज वर-खाली करा. फरक १ टक्क्याच्या आत आला की जमलं.
४. मग मित्राला बसवा आणि नाणं उडवा. मित्राने तोंडावरून काही कळू द्यायचं नाही!

कोणासाठी काय?

फक्त फोन आणि साधा वायरचा हेडफोन असेल तर: चांगला टाइप-सी डाँगल. अॅपलचा टाइप-सी डाँगल साधारण हजार रुपयांच्या आसपास येतो आणि त्याचा आवाज चांगलाच स्वच्छ आहे. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्यातून आवाज कमी निघतो, त्यामुळे अँड्रॉइडवाल्यांनी आधी कुणाचा तरी लावून बघावा. शंभर-दीडशे रुपयांचे काही अॅडाप्टर घेताना जपा. त्यात डॅक नसतोच, नुसती वायर असते. टाइप-सीमधून अॅनालॉग आवाज देणाऱ्या मोजक्या फोनवरच ते चालतात.

२५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन असेल तर: निदान २.५ ते ३ व्होल्ट देणारा डॅक-अॅम्प्लिफायर. इथे पैसे खर्च करण्याला अर्थ आहे. अशा काही डाँगलवर ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड सॉकेट असतं. त्यातून दुप्पट व्होल्ट मिळू शकतात, हा फायदा खरा आहे. पण त्यासाठी तशी केबलही लागते, आणि साध्या सॉकेटमधून गरजेएवढा आवाज मिळत असेल तर त्याची गरज नाही.

गाणं किंवा वाद्य रेकॉर्डही करायचं असेल तर: नुसता डॅक घेऊच नका, ऑडिओ इंटरफेस घ्या. त्यात डॅक, हेडफोन अॅम्प्लिफायर, माइकचा प्रीअॅम्प आणि आवाज आत घेणारा कन्व्हर्टर असं सगळं एकाच डब्यात येतं. विंडोजवर त्याला कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना हे बघा, म्हणजे गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणार नाही. स्वस्त इंटरफेसचा हेडफोन जॅक मात्र २५० ओहमला पुष्कळदा कमी पडतो, तोही आकडा तपासा.

खूप सेन्सिटिव्ह इन-इअर असतील तर: ताकद नको, शांतता हवी. गाणं बंद असताना "सूऽऽ" असा आवाज येत असेल तर तो अॅम्प्लिफायर तुमच्यासाठी नाही.

ब्लूटूथ असेल तर: मिक्सिंगचं शेवटचं काम त्यावर नको. आवाज दाबून पाठवला जातो, उशिरा पोहोचतो आणि बड्सच्या आत कंपनीचं स्वतःचं इक्वलायझर असतं. मिक्स झाल्यावर "लोक कसं ऐकतील" हे तपासायला मात्र ब्लूटूथ जरूर वापरा, कारण लोक त्यावरच ऐकतात.

काही नेहमीचे प्रश्न

कोणती चिप चांगली, ईएसएस की एकेएम? दोघांच्याही चिप उत्तम आहेत. चिपभोवतीचं सर्किट कसं बांधलंय यावर जास्त अवलंबून असतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि त्या चिप मिळेनाशा झाल्या. तेव्हा अनेक कंपन्यांनी दुसऱ्या चिप घालून वस्तू विकल्या. चिपचं नाव बघून खरेदी करू नका.

अँड्रॉइडवर आवाज बदलून येतो का? सहसा सगळ्या अॅपचा आवाज सिस्टिमच्या मिक्सरमधून जातो आणि त्यात सॅम्पल रेट बदलू शकतो. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डॅकला आवाज जसाच्या तसा देण्याची सोय आली, पण अॅपनेही ती वापरायला हवी. मिक्सिंगच्या निर्णयावर याने फरक पडत नाही.

शिखरं ० डेसिबलपर्यंत नेली तर चालेल का? नको. डॅक दोन आकड्यांच्या मधली रेष स्वतः काढतो आणि ती रेष कधीकधी दोन्ही आकड्यांच्या वर जाते. मग काही डॅकमध्ये ठोका फाटतो. ट्रू पीक मीटर लावून शिखर उणे १ डेसिबलवर ठेवा. स्पॉटिफायचीही तीच शिफारस आहे.

डॅक बदलल्यावर मिक्स सुधारेल का? हेडफोनचा स्वतःचा स्वभाव डॅकच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. दोन हेडफोनच्या बासमध्ये ५ डेसिबलचा फरक सहज सापडतो, दोन चांगल्या डॅकमध्ये ऐकू येईल इतकाही नाही. म्हणून बजेट आधी हेडफोनला द्या. आणि आपल्या गाण्यासारखी, चांगली मिक्स झालेली तीन-चार गाणी शेजारी ठेवून, आवाज जुळवून, सारखी ऐकत राहा. माझ्या ढोलकीचा प्रश्न शेवटी असाच सुटला.

जाता जाता कानाबद्दल

ताकदवान अॅम्प्लिफायर हातात आला की आवाज वाढवायचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास. मिक्सिंग करताना तास कधी उलटतात ते कळतही नाही. दर तासाला दहा मिनिटं हेडफोन काढा, नवा जोडताना आवाज आधी शून्यावर आणा. डॅक बिघडला तर दुसरा घेता येतो, कानाचं तसं नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी सेटिंग तपासा, मग हेडफोनचे व्होल्ट मोजा, मग आउटपुट इम्पीडन्स बघा. एवढं करूनही आहे तो जॅक कमी पडत असेल, तरच पाकीट उघडा.